तंबाखूच्या शेवया

आमच्या शाळेत तंबाखूमुक्तीचं काम माझ्याकडे आहे. ते मी मागून घेतलेलं नाही. एका वर्षी जूनमधल्या पहिल्या मीटिंगला मी दहा मिनिटं उशिरा पोचले, तोवर सहल, स्नेहसंमेलन, हस्तलिखित, सगळं वाटून झालं होतं आणि हे एवढंच उरलं होतं. मी विज्ञान शिकवते म्हणून ते मला शोभेल असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. तेव्हापासून दर सोमवारी प्रार्थनेनंतर मी शपथ वाचते, मुलं उजवा हात पुढे करून माझ्यामागून म्हणतात. शाळेच्या फाटकापासून शंभर यार्ड मी शिपायासोबत टेप धरून मोजले आहेत आणि तिथे रस्त्यावर पिवळी रेघ मारून घेतली आहे. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने आपली टपरी रेघेच्या दोन फूट पलीकडे सरकवली. तेव्हापासून तो मला रोज नमस्कार करतो.

याच काळातल्या एका हिवाळ्यात मी ठाकुर्लीच्या आमच्या घरी, रविवारच्या दुपारी, शेवया करायच्या इटालियन मशीनमधून तंबाखू कापत होते. एक-दोनदा नव्हे, सलग चार रविवार.

तंबाखू माझ्या सासऱ्यांची होती. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर होते. तिथेच पस्तीस वर्षं काढून निवृत्त झाले. नोकरीत होते तोवर बिऱ्हाड नौपाड्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत होतं. आम्ही ठाकुर्लीला घर घेतलं तेव्हा ते आणि सासूबाई आमच्याबरोबर आले. सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाबांचं मूळ गाव निपाणीकडचं, पण गावाची शेती भावांनी पाहिली आणि बाबांनी मिलिमीटर पाहिले. बोलणं अगदी कमी. लग्न होऊन आले तेव्हा वाटायचं, हे माझ्यावर रागावलेत. वर्षभराने कळलं की ते सगळ्यांशीच इतकंच बोलतात.

त्यांच्या तोंडात पाईप असायचा. बाकीचे कामगार विड्या ओढत त्या काळात हा माणूस इस्टेटीत पाईप ओढत चालायचा, त्यामुळे नवीन आलेले लोक त्यांना साहेब समजून सलाम करायचे, असं सासूबाई सांगायच्या. पाईप एका जर्मन इंजिनियरने दिलेला. तो यंत्रं बसवायला आला होता, जाताना स्वतःजवळचा पाईप बाबांना देऊन गेला. पाईप जर्मन असला तरी त्यात बहुतेक वेळा विडीचीच तंबाखू असे.

मग बाबांच्या हृदयात स्टेंट बसला. नौपाड्यातले आमचे जुने डॉक्टर म्हणाले, तंबाखू आजपासून बंद. माझी धाकटी नणंद पुण्याला असते. ती त्या वेळी धावत आली आणि डॉक्टरांचं वाक्य तिने कायद्यात रूपांतरित केलं. घरातल्या पुड्या फेकून दिल्या. स्टेशनपासून आमच्या बिल्डिंगपर्यंतच्या प्रत्येक टपरीवर जाऊन, या वर्णनाच्या आजोबांना काही द्यायचं नाही, असं सांगून आली. शेवटी बाबांना समोर बसवून म्हणाली, "बाबा, यापुढे तुम्ही तंबाखू विकत आणायची नाही. वचन द्या."

बाबांनी वचन दिलं. पाईप मात्र ठेवून घेतला आणि रिकामाच तोंडात धरू लागले. आम्हा सगळ्यांना त्यांची दया आली. ते किती सहज कबूल झाले याचं आश्चर्य वाटायला हवं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर ड्रॉइंगवर लिहिलंय तेवढंच केलं, ना कमी ना जास्त, तो माणूस वचनातला शब्दन् शब्द वाचणार हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. वचन विकत न आणण्याचं होतं.

त्या पावसाळ्यात गावाकडून त्यांचा पुतण्या आला. जाताना कागदाची एक बारीकशी पुडी देऊन गेला. आत बी होतं, पण दिसायला धूळच. खसखससुद्धा त्याच्यापुढे मोठी वाटावी. बाबांनी ते गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत पेरलं. रोपं झाली तशी मोठ्या डब्यांत एकेक लावली. एकूण अकरा झाडं. मला बरंच वाटलं. निवृत्त माणसाने बागकाम करावं असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

झाडं झपाट्याने वाढली. हातभर लांबीची पानं, लवदार, चिकट. बिल्डिंगमधले लोक कपडे वाळत घालायला गच्चीवर जात, ते विचारू लागले. बाबा म्हणत, शोभेचं आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना ती पानं बघून अळूवड्या आठवल्या. त्यांनी चार पानं मागितली. बाबा नाही म्हणाले. काकूंनी दोन दिवसांनी दोनच मागितली. बाबा म्हणाले, अजून पोसली नाहीत. तेव्हापासून बिल्डिंगमध्ये त्यांचं नाव कंजूष म्हणून झालं, आणि काकूंचा जीव वाचवूनही त्यांना ते सहन करावं लागलं.

नोव्हेंबरात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस वाकायचं नाही, उन्हात जायचं नाही. त्यांनी मला झाडांची काळजी घ्यायला सांगितलं, आणि एका कागदावर सूचना लिहून दिल्या: पाणी सकाळी, पानांवर नाही, कळ्यांचा तुरा दिसला की शेंडा खुडायचा, पानांच्या बगलेतून फुटवे येतील ते रोज काढायचे. मी सगळं केलं. शेंडे खुडताना गुलाबी कळ्या बघून वाईट वाटलं. फुलं येऊ दिली तर काय बिघडेल, असं मी त्यांना विचारलंही. ते म्हणाले, "मग पानात जोर राहत नाही."

शोभेच्या झाडाच्या पानात जोर कशाला हवा, हा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षिकेला पडायला हरकत नव्हती. पडला नाही. मला वाटतं याचा दोष थोडा पोस्टरांचाही आहे. माझ्याकडे तंबाखूविरोधी पोस्टरांचा गठ्ठा आहे. त्यांत सडलेली तोंडं आहेत, काळी फुप्फुसं आहेत, सांगाडे आहेत. झाड एकाही पोस्टरवर नाही. कितीतरी वर्षं मी त्याच्या विरोधात शपथा देत होते, आणि ते समोर उभं होतं तेव्हा मी त्याला रोज सकाळी पाणी घातलं.

जानेवारीत पानं पिवळी पडू लागली. बाबांनी ती खालून वर, एकेका दिवशी थोडी अशी तोडली, सुईदोऱ्याने देठांत ओवली आणि स्वतःच्या खोलीत दोऱ्यावर टांगली. आठवड्याभरात खोलीला वास येऊ लागला. आधी वाळलेल्या गवताचा, मग गुळासारखा, मग ओळखीचा. मी दारात उभी राहिले. पानं तपकिरी झाली होती.

"बाबा, हे काय आहे?"

"तंबाखू," पाईप तोंडातून न काढता ते म्हणाले.

मी त्यांना वचनाची आठवण करून दिली. ते म्हणाले, विकत आणलेली नाही. त्यांच्या आवाजात विजय वगैरे काही नव्हता. मोजमाप बरोबर आहे हे तपासून झाल्यावर माणूस जसं सांगतो, तसं सांगितलं. मी म्हटलं, मी नणंदेला फोन करणार आहे. ते म्हणाले, कर. मी फोन केला नाही. फोनवर पहिला प्रश्न येणार होता, वहिनी, तुला इतके दिवस कळलं नाही? आणि दुसरा प्रश्न, पाणी कोण घालत होतं?

नवऱ्याला सांगायचं मी ठरवलं होतं, पण त्याला घरात काय चाललंय ते साधारण दोन महिन्यांनी कळतं. मी ते थोडं थांबून सांगायचं ठरवलं.

पुढच्या रविवारी मी स्वयंपाकघरात होते. बाबांनी हाक मारली, तीही हळूच. जाऊन पाहते तर ते विळी घेऊन बसले होते, पुढे तंबाखूची पानं, आणि डाव्या अंगठ्यातून रक्त वाहत होतं. जखम लहानशी होती, पण स्टेंटनंतर रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. मी फडकं दाबून धरलं. फडकं भिजलं, दुसरं घेतलं. तब्बल तासाभराने रक्त थांबलं. त्या तासात मी त्यांच्यावर जितकी चिडले तितकी आयुष्यात कधी चिडले नव्हते. रक्त थांबल्यावर ते म्हणाले की पानं फार जाड कापली जात होती, पाईपला बारीक लागतात.

त्या क्षणी मी जे केलं त्याचं समर्थन मला आजही नीट करता येत नाही. मी स्टूलवर चढले आणि माळ्यावरून मशीन काढलं.

ते मशीन नणंदेनेच दिलेलं. ती इटलीच्या सहलीला गेली होती, तिथून जड खोकं सामानातून वाहून आणलं होतं. स्टीलचं, चकचकीत. एका बाजूला हँडल. पिठाची पोळी दोन रोलरांमधून दाबून पातळ करायची, मग ती दुसऱ्या भागातून घातली की पट्ट्या कापून येतात. एक कटर रुंद पट्ट्यांचा, एक बारीक. मी ते दोनदा वापरलं होतं. पहिल्यांदा सगळ्या शेवया चिकटून गोळा झाला. दुसऱ्यांदा गोळा झाला नाही, पण नवऱ्याने विचारलं, ह्या कुर्डया फसल्यात का. मग ते माळ्यावर गेलं. नणंद आली की विचारायची, मशीन वापरतेस ना? मी म्हणायची, कधीकधी.

मी बाबांना म्हटलं, कापायचंच असेल तर निदान बोटं शाबूत राहू देत. आणि अट घातली: ओढायची ती आठवड्यातून एकदाच, फक्त रविवारी, फक्त गच्चीवर. ते मान हलवून हो म्हणाले, पण मला वाटतं त्यांनी अट ऐकलीच नाही. ते मशीनकडे बघत होते. त्यांनी ते उलटं केलं, रोलर बोटाने फिरवले, हँडलची ढिलाई पाहिली. कपाटातून व्हर्नियर काढलं. निवृत्त होताना लोक घड्याळं घेऊन घरी येतात, बाबा व्हर्नियर घेऊन आले होते. कटरच्या दोन दातांमधलं अंतर मोजून म्हणाले, "दीडला जरासं जास्त. चांगलं काम आहे."

मशीन ओट्याला बसेना, कडप्पा जाड होता. मुलगा शिकायला बाहेरगावी असतो, त्याच्या अभ्यासाच्या टेबलाला ते स्क्रूने आवळून बसवलं. पहिलं पान घातलं तर त्याचा चुरा झाला. पान फार वाळलं होतं. मग त्यांनी पानांवर पाणी शिंपडलं. आता ती ओली होऊन कटरमध्ये गुंडाळली गेली आणि हँडल अडकलं. बाबांना आनंद झाला. हा माझा अंदाज नाही, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. त्यांनी स्क्रूड्रायव्हर मागितला, सगळं मशीन खोललं, जुन्या टूथब्रशने दाते साफ केले आणि पुन्हा जोडलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या हातात खोलण्यासारखं काहीतरी आलं होतं.

मग पानं मऊ कशी करायची याचे प्रयोग झाले. शेवटी त्यांनी ती बाथरूममध्ये टांगायला सुरुवात केली. आम्ही अंघोळी करायचो, गरम पाण्याची वाफ पानांना मिळायची. पान बोटाभोवती गुंडाळलं तरी मोडत नाही आणि हाताला ओलंही लागत नाही, इतपत दमट हवं, असं त्यांनी मला शिकवलं. चौथ्या दिवशी नवऱ्याने अंघोळ करून बाहेर येताना विचारलं, ते काही आयुर्वेदिक आहे का? बाबा म्हणाले, पानं आहेत. तो बरं म्हणाला आणि ऑफिसला गेला.

रविवारी दुपारी काम चाले. बाबा पानाची मधली शीर ओढून काढत, अर्धी पानं एकावर एक ठेवून दाबत आणि कटरच्या तोंडाशी सोडत. मी हँडल फिरवत असे. त्यांचा अंगठा बरा झाला तरी फिरवायचं काम माझ्याकडेच राहिलं. खालून तंबाखूच्या शेवया पडायच्या, सारख्या, तपकिरी, केसांच्या बटांसारख्या. मी कबूल केलं पाहिजे, त्या सुंदर दिसत. त्या मशीनमधून माझ्या हातून बिनचूक निघालेली ती पहिली गोष्ट होती.

आणि या कामात बाबा बोलू लागले. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, तोवर आमचं बोलणं चहा, गॅस आणि रिक्षा याच विषयांवर झालं होतं. आता नजर कटरवर ठेवून ते टूलरूमचं सांगत. पत्रा कापायच्या डायला धार कशी लावायची. जर्मन इंजिनियर सुट्टीच्या दिवशी कसा एकटाच मासुंदा तलावाला चकरा मारायचा. एका रविवारी मी विचारलं, पाईपच का, विडी का नाही? ते एवढा वेळ थांबले की मला वाटलं उत्तर येणार नाही.

मग म्हणाले, "मी बोलताना अडखळायचो. तोंडात पाईप असला की लोकांना वाटतं, हा विचार करतोय. थांबतात."

मी हँडल फिरवायचं थांबवलं. ते म्हणाले, थांबू नकोस, पान अडकेल. मी फिरवत राहिले. ते पुढे सांगत होते, की लहानपणी गावात 'त' आणि 'प' ही दोन अक्षरं तोंडातून यायचीच नाहीत. मुलाखतीला स्वतःचं गाव सांगता आलं नव्हतं. सासूबाईंना माहीत होतं. मुलांना नाही, मुलं झाली तोवर पाईप आला होता. मला त्या क्षणी त्यांचं सगळं थोडकं बोलणं आठवलं. आम्ही सगळ्यांनी त्याला स्वभाव समजून सोडून दिलं होतं.

तिकडे सोमवारी शपथ चालूच होती. हात पुढे केला की बोटांची टोकं तपकिरी दिसत. साबणाने जात नसत. चित्रकलेच्या बाईंनी विचारलं तेव्हा मी चिंच सोलल्याचं सांगितलं. पुढच्या सोमवारी पुन्हा विचारलं, तेव्हा चिंच वर्षाची साठवायची होती असं सांगितलं. त्यांनी मला कोकणातल्या चिंचेच्या साराची कृती लिहून दिली.

आता त्या तंबाखूचं काय झालं ते सांगते. पहिल्या रविवारी गच्चीवर बाबांनी पाईप भरला, बोटाने दाबला, काडी लावली. मी टाकीच्या सावलीत उभी होते. त्यांनी एक झुरका घेतला, थांबले, दुसरा घेतला आणि मग इतके खोकले की डोळ्यांतून पाणी आलं. मी धावले. त्यांनी हाताने थांबवलं. दोन मिनिटांनी म्हणाले, कडक आहे. पुढच्या रविवारी परत एकदा ओढून पाहिली. या वेळी एकच झुरका. मी विचारलं, कशी आहे? ते म्हणाले, मुरायला हवी. तंबाखू लोणच्याच्या काचेच्या बरणीत गेली. त्यानंतर ते दर रविवारी झाकण उघडून वास घेत आणि परत लावत. ओढली नाही. टपरीवर मिळत नव्हती असंही नाही. नणंदेने सांगितलेले निम्मे टपरीवाले तोवर बदलले होते. वचन तर होतंच, शिवाय स्वतः पेरून, वाळवून, दीड मिलिमीटरमध्ये कापलेली वस्तू बाजूला ठेवून दुसऱ्याचा माल ओढणं त्यांना कमीपणाचं वाटलं असावं. आणि स्वतःची ओढवत नव्हती. डॉक्टर, नणंद, मी आणि माझी पोस्टरं यांना जमलं नाही ते त्या बरणीने केलं. तरी कापणं चालूच राहिलं, कारण पानं उरली होती.

होळीला नणंद आली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, आज मी सगळ्यांना पास्ता करून घालते, मशीन कुठाय? मी म्हटलं, माळ्यावर. ते माळ्यावर नव्हतं, मुलाच्या टेबलाला आवळलेलं होतं, वर टॉवेल टाकला होता. तिने पीठ आणि रवा घेतला, अंडी फोडली, मळायला लागली. अर्धा किलोचा गोळा. मी तिला म्हणत होते की साध्या पोळ्या करूया, ऊन फार आहे, मशीन गंजलंय. ती म्हणाली, स्टील कसं गंजेल. बाबा हॉलमध्ये पेपर घेऊन बसले होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. नवरा शेजारी फोनवर होता.

नणंद हात पुसत मुलाच्या खोलीत गेली आणि टॉवेल काढला. मशीन आम्ही साफ केलेलं असायचं, पण वास स्टीलने धरला होता. ती वाकली, वास घेतला, कटरच्या दातांत अडकलेला एक तपकिरी तंतू नखाने काढला. तोवर बाबा दारात येऊन उभे राहिले होते. पाईप खुर्चीवर राहिला होता.

"ह्यात शेवया नको करूस," ते म्हणाले. "ह्यात मी त..."

पुढचं अक्षर येईना. त्यांचे ओठ हलत होते, मान किंचित झटका देत होती, 'त' तेवढा परत परत येत होता. नणंद घाबरली. तिला वाटलं त्यांना काहीतरी होतंय, झटका वगैरे; ती भावाला हाक मारायला वळली. मला माहीत होतं काय होतंय. मी म्हटलं, "तंबाखू. ह्यात आम्ही तंबाखू कापली. पानं बाबा लावत होते, हँडल मी फिरवत होते."

बाबा सावकाश म्हणाले, "तिचा काही संबंध नाही."

"आहे," मी म्हटलं. "झाडांना पाणीसुद्धा मीच घातलंय."

नवऱ्याने फोन बाजूला केला आणि विचारलं, कसली झाडं?

नणंद ओरडली नाही. माझी त्याचीच तयारी होती, त्यामुळे काय करावं ते कळेना. ती मुलाच्या पलंगावर बसली, हाताला अजून पीठ होतं. आधी बाबांना विचारलं, किती ओढली? त्यांनी दोन बोटं दाखवली. दोन पुड्या? तिने विचारलं. दोनदा, मी म्हटलं, त्यातलं एकदा अर्धवट. मग तिने विचारलं की मघाशी तुम्हाला काय झालं होतं. यावर बाबांनी माझ्याकडे पाहिलं. हे सांगायचं काम माझं नव्हतं. त्यांनी सांगितलं. अडखळत, थांबत, मधे एकदा पाईपसाठी हात खिशाकडे गेला तो तसाच परत आला. चार-पाच वाक्यंच होती, पण त्याला बराच वेळ लागला आणि कोणी त्यांचं वाक्य पुरं केलं नाही. नवऱ्यानेही नाही.

नणंद म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला माझ्याशी बोलायचंच नसतं."

मग तिने बरणी मागितली. मला वाटलं फेकणार. तिने झाकण उघडलं, वास घेतला, हे विष आहे म्हणाली, झाकण लावलं आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडलं. त्या वासात ती मोठी झाली होती. शेवटी बरणी तिने स्वतःच बाबांच्या कपाटात नेऊन ठेवली, अगदी वरच्या फळीवर, जिथे त्यांचा हात पोचणार नाही. त्यांचा हात तिथे आरामात पोचतो हे तिला कोणी सांगितलं नाही.

कणकेचा प्रश्न उरला होता. रवा-अंड्याच्या त्या गोळ्याच्या आम्ही पोळ्या लाटल्या. त्या वातड झाल्या. कोणालाच आवडल्या नाहीत, सगळ्यांनी दोन-दोन खाल्ल्या.

जाताना नणंद मशीन घेऊन गेली. भेट परत घेणं बरोबर दिसत नाही हे तिला मान्य होतं, पण ते या घरात ठेवणं तिला धोक्याचं वाटत होतं. तंबाखू सुटली तेव्हा बाबांच्यात न दिसलेली अस्वस्थता मशीन गेल्यावर दिसली. आठवडाभर ते टेबलापाशी जाऊन उभे राहायचे. स्क्रूने आवळल्याची खूण टेबलाला पडली होती, तिच्यावरून बोट फिरवायचे. मला एकदा म्हणाले, तिने ते पाण्याने धुतलं नसेल ना?

तिने ते पाण्याने धुतलं होतं. तंबाखूचा वास जाईना म्हणून साबण लावून, गरम पाण्यात बुडवून. पुढच्या रविवारी तिचा फोन आला की हँडल फिरत नाहीये. फोन माझ्याकडे आला होता, मी बाबांना दिला. त्यांनी व्हिडिओ लावायला सांगितलं, आणि मग कुठला स्क्रू आधी, कुठला नंतर, हे सांगू लागले. 'पट्टी' म्हणताना अडकले. ती तिकडे स्क्रूड्रायव्हर धरून थांबली. पट्टी आली. तिने पट्टी काढली. त्या दिवशी सगळं जोडून झाल्यावर तिच्याकडे एक वॉशर उरला, म्हणून त्याच्या पुढच्या रविवारी परत फोन झाला.

एरवी तिचे फोन दीड मिनिटाचे असत. गोळी घेतली का, जेवलात का, बरं. आता ते लांबत चाललेत. मशीन केव्हाच सुरळीत झालं आहे, तिने त्यावर पास्ता केल्याचे फोटोही पाठवले. तरी दर रविवारी काहीतरी बिघडतंच. गेल्या रविवारी पाऊण तास बोलणं चाललं होतं. सुरुवातीला तेल कुठलं घालायचं याबद्दल होतं ते मला ऐकू आलं. मग मी कुकर लावायला गेले, आणि परत आले तेव्हा बाबा हसत होते. कशाबद्दल ते मी विचारलं नाही.